एकच बैल, भिंतभर टिळे

१७ ऑगस्ट १९८७
स्मिता आली मुंबईहून, आमच्या घरी. कलाबाईची — माझ्या थोरल्या बहिणीची — लेक. टीव्हीसाठी कार्टून करणाऱ्या कंपनीत स्टोरीबोर्ड काढते. म्हणजे आधी सगळी गोष्ट चौकोनाचौकोनांत काढायची, मग इतर लोक ती हलवतात. आजवर दुसऱ्यांच्याच गोष्टी काढल्या. आता स्वतःची दिली आहे — पोळ्याचा बैल. बोर्ड पसंत पडला तर दिग्दर्शनही तिचंच!

कलाबाईची अट : "नाही पडला तं नोकरी सोडाची. सौंसरचं स्थळ हाय. संत्र्याची बाग हाय."
बागेत मुलगा कसा आहे, ते अजून कोणी सांगितलं नाही.

२१ ऑगस्ट
माझ्या बैठकीची भिंत तिच्या चित्रांच्या कागदांखाली गेली. बैल शिंकतो, बैल रुसतो, बैल पळतो. नागपूरच्या पेपराला बातम्या मी आता स्वयंपाकघरात, फोडणीच्या धुरात लिहितो.
"मामा, श्लोक म्हणताना मान हलवता ना, तशी हलवा." हलवली. तिने बैल काढला. काशीला काव्यशास्त्र शिकलो, त्याचं चीज झालं!

२४ ऑगस्ट, पोळा
अनर्थ! सकाळी कलाबाई ताट घेऊन बैठकीत शिरली आणि भिंतीवरच्या एकूणएक बैलाला कुंकवाचा ओला टिळा लावून आली.
"आई! उद्याच्या गाडीनं न्यायचं होतं हे!"
"मंग? एकाले लावू अन् बाकीच्याईले तसंच ठेवू काय?"
"एकच बैल आहे गं तो!"
"एकच हाय तं इतक्यांदा काहून काढला?"
कार्टून म्हणजे काय, हे यापेक्षा थोडक्यात कोणी विचारलं नसेल. पण स्मिता जेवली नाही. पुरणपोळी असूनही! मी कलाबाईकडे जरा संशयाने पाहिलं. बोर्ड बिघडला, की सौंसर फार दूर नाही.

२५ ऑगस्ट
पोळ्याचा दुसरा दिवस, जाम नदीवर दरवर्षीची गोटमार सुरू. पांढुर्णा इकडून, सावरगाव तिकडून दगड मारून राहिले. बातमीसाठी निघणारच होतो, तर स्मिताची हाक. तिने चित्रांची चळत अंगठ्याने फरफर सोडली — टिळा कपाळावरून उडाला, शिंगावर बसला, नाकावर आला! बैल त्याच्या मागे. कुंकू कुठेच एका जागी लागलं नव्हतं ना!
पोरगी कालपासून पहिल्यांदा हसली. दुपारभर मधले चौकोन नव्याने काढले. गोष्टच बदलली : पळालेला टिळा पकडणारा बैल. संध्याकाळच्या गाडीनं गेली.
गोटमारीची बातमी उशिरा पाठवली. संपादक ओरडतील. ओरडोत.

३ सप्टेंबर
पोस्टात ट्रंक कॉल. "मामा, पसंत! डायरेक्टर मीच!"
घरी सांगितलं. कलाबाई : "म्हंजे काय करन ते?"
"सगळ्यांना सांगेल, कसं करायचं ते."
"ते तं घरीही करतच होती."
मग देवापुढे साखर ठेवली.

६ सप्टेंबर
सौंसरचे लोक तरीही आले. चहा झाला. कलाबाईने मुलापुढे कागद-पेन्सिल ठेवली — "एक बैल काढून दाखवा."