दोनवर थांबलेली कवायत

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. शाळेत पाय ठेवताच हेडमास्तर गोपाळरावांनी बोलावून घेतलं. डिसेंबरच्या सुरुवातीला इन्स्पेक्टर येणार, आणि यंदा पी.टी.चा तास स्वतः मैदानावर उभे राहून पाहणार. नाही आवडला तर पी.टी. खल्लास! तो तास गणिताच्या शामलाबाईंना. मग मी काय करू, असं विचारलं. लायब्ररीतल्या पुस्तकांना कव्हरं घाला म्हणे. मी! महाल भागातल्या या शाळेत इतकी वर्षं माझ्या शिट्टीवर पोरं उठतात-बसतात, आणि मी कव्हरं घालू?
शामलाबाई स्टाफरूममध्ये टाइमटेबल पाहत उभ्याच होत्या. डोळा आहे त्यांचा माझ्या तासावर.
निश्चय : उद्यापासून पहाटे पाचला उठून गांधीसागर तलावापर्यंत पळणे. पोट आत. चहा बंद. आलुबोंडा बंद.

१३ नोव्हेंबर
आठला उठलो. थंडी भयंकर. गार पडलेल्या स्नायूंना एकदम पळवणं शास्त्राला धरून नाही. शिवाय गजर वाजलाच नाही. पुष्पलता म्हणते, वाजला, तिनंच उठून बंद केला, तुमी त घोरून रायले होते जी. बायको असून अशी साक्ष देते. पळणं सोमवारपासून.

१५ नोव्हेंबर
माझी पद्धत एकदा लिहून ठेवतो. ‘एक’ म्हटलं की हात वर. ‘दोन’ म्हटलं की कमरेतून वाकून बोटं जमिनीला. ‘तीन’, ‘चार’ म्हटलं की सरळ. हे सगळेच करतात. माझं डोकं आहे ते ‘दोन’मध्ये. ‘दोन’ झालं की थांबायचं. मी ‘तीन’ म्हणेपर्यंत कोणी मान वर करायची नाही. तेवढ्यात मी फाटकाबाहेर नत्थूजीच्या टपरीवर जाऊन येतो. चहा बंदच आहे, पण नत्थूजीला वाईट वाटतं. आलुबोंड्याचंही तसंच.
परत येतो तर काय, अख्खा वर्ग जसाच्या तसा वाकलेला! वरून घामाघूम! नुसतं वाकून इतका घाम मी तरी कुठं पाहिला नाही. आज तर दोघांचे गुडघेही फुटले होते. व्यायामाची ताकदच तशी असते.

२० नोव्हेंबर
मैदानावर कोणीतरी चुन्याच्या फक्कीनं लांब-लांब आडव्या रेघा मारल्यात. आट्यापाट्या खेळायला पाट्या आखतात ना, हुबेहूब तशा. सातवीची कॅप्टन भागीरथा, तिला दरडावून विचारलं. ती म्हणाली, सर, कार्पोरेशनवाले आले होते जी, नळाची लाइन टाकणार हायेत. गुणी पोरगी. खोटं कसं बोलतात हे तिला ठाऊक नाही. मागे उभी असलेली पोरं काहून खोकत होती देव जाणे. थंडी बाधली असेल.

२६ नोव्हेंबर, सोमवार
आज पळालो! म्हणजे गल्लीच्या तोंडापर्यंत पळालो, पुढे जोरात चाललो. तलावाशी पोह्यांची गाडी लागली होती. तर्रीचा वास असा काही सुटला होता की पुढे जाणं हा त्या माणसाचा अपमान झाला असता. दोन प्लेटा. भरल्या पोटी पळू नये म्हणून रिक्षानं घरी आलो. पाठ मात्र शेवटपर्यंत ताठ ठेवली.

३० नोव्हेंबर
शामलाबाईंनी आज भर स्टाफरूममध्ये विचारलं, सर, तुमी सोता कधी वाकून दाखवता का पोराईले? सगळे हसले. गोपाळरावही हसले, आणि लगेच रुमालात शिंकल्यासारखं केलं.
बरं तर! इन्स्पेक्टरसमोर वर्गाच्या पुढे उभा राहून मी स्वतः वाकणार. घरी दार लावून तालीम केली. बोटं गुडघ्यापर्यंत पोचली. तिथून जमीन काही फार लांब नाही.
लग्नातली पांढरी पॅन्ट काढली. पोट आत ओढलं तर बटण लागतं. बोलताना मात्र सुटतं.
खरं सांगायचं तर भीती वाटते. शिट्टी गेली तर मी कोण? चार माणसांत लोक मला ‘शिट्टीवाले चंपतराव’ म्हणतात. उद्या ‘कव्हरवाले’ म्हणतील. छातीत कसंतरी होतं.
पुन्हा वाचलं. भीती नाही, ॲसिडिटी आहे.

५ डिसेंबर, सकाळ
आज! शिट्टी राखेनं घासून लखलखीत केली. पुष्पलता म्हणाली, जपून जा. मी म्हटलं, आज पाहशील. शाळेला हा दिवस कायम आठवेल.

५ डिसेंबर, संध्याकाळ
आडवा पडून लिहितो आहे. अक्षर वाकडं येईल.
सुरुवात झकास झाली. इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीवर, शेजारी गोपाळराव. मी पुढे, मागे वर्ग. ‘एक’ म्हटलं, सगळे हात वर. साहेबांनी मान डोलावली. ‘दोन’ म्हटलं आणि वाकलो. कमरेत अशी उसण भरली राजेहो, की डोळ्यांपुढे काजवे! काहीतरी फाटल्याचा आवाजही आला. पॅन्ट फाटली. ‘तीन’ म्हणायला गेलो तर श्वासच निघेना.
तरी मी निश्चिंत होतो. शिस्त माझी आहे. मी ‘तीन’ म्हणेपर्यंत वर्ग संध्याकाळपर्यंतसुद्धा हलणार नाही. मला दिसत होते फक्त माझे बूट.
मग धावणारे पाय ऐकू आले. पाठोपाठ भागीरथाचा आवाज : पाटी धर बे, पाटी धर! पायांमधून मागे पाहिलं. बाप्पा! अख्खा वर्ग माझ्याभोवती आट्यापाट्या खेळत होता. ‘दोन’ झालं आणि ‘तीन’ आलं नाही की काय करायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. एक कार्टं तर मला खांब समजून माझ्याआडून निसटलं.
मान तिरकी केली तर साहेब खुर्चीवरून उठताना दिसले. मला वाटलं, चिडले. त्यांनी कोट काढून गोपाळरावांच्या हातात दिला आणि तेही पाटीवर उभे राहिले! खेळ आटोपल्यावर त्यांनी धापा टाकत भागीरथाला विचारलं, हे नेहमीच चालते का गा? गुणी पोरगी म्हणाली, हो जी साहेब, सर दोनवर ठेवून चहाले गेले का आमी दरवेळी खेळून रायतो. तिकडं नत्थूजीची कपबशी खणकली का परत वाकतो.
शेवटी शामलाबाई माझ्या कानाशी येऊन हळूच ‘तीन’ म्हणाल्या. मग ‘चार’ म्हणाल्या. मी वर आलो नाही. नत्थूजीनं रिक्षात घातलं, जसा होतो तसाच.

११ डिसेंबर
शाळेत गेलो. पी.टी. वाचली! बंद तर नाहीच, आता रोज एक तास. साहेब गोपाळरावांना म्हणाले, पोरं इतकी मन लावून खेळताना कुठल्या शाळेत पाहिली नाहीत, मास्तर मधे पडत नाही हेच याचं कारण. म्हणजे माझी पद्धत मान्य झाली. पुढेही मास्तरनं मधे पडू नये, एवढीच अट घातली आहे.
तेव्हा तास शामलाबाईंकडे. मी लायब्ररीत. तिथं एक खिडकी मैदानावर उघडते. शामलाबाई पदर खोचून पोरांत धावत होत्या आणि पोरं नुसती किंचाळत होती. माझ्या तासाला अशी कधी हसली नाहीत. वाईट वाटलं. मग म्हटलं, ही बेशिस्त आहे, आणि कव्हरं घालायला बसलो.

१५ डिसेंबर, शनिवार
डॉक्टरनं कमरेला व्यायाम सांगितला आहे. रोज वाकायचं. मी म्हटलं, सोमवारपासून. पुष्पलतानं शिट्टी स्वतःच्या गळ्यात घातली आणि मला अंगणात उभं केलं.
‘एक’ म्हणाली. हात वर केले. ‘दोन’ म्हणाली. वाकलो. तेवढ्यात शेजारच्या रंभाबाई विरजण मागायला आल्या. ये वं, बस, म्हणत ती त्यांना घेऊन आत गेली.
मी तसाच. मान वर केली नाही. शिस्त म्हणजे शिस्त, शिवाय मान वर होतही नव्हती. बराच वेळ वाट पाहिली. आत दोघींच्या कपबशा खणकल्या, पण ‘तीन’ काही कोणी म्हटलं नाही.