एकेचाळीस मिनिटं बारा सेकंद

२ जानेवारी, सकाळी ७
संकल्प: रोज चार ओळी. रडगाणं लिहायचं नाही, धंद्याचं लिहायचं. धंदा म्हणजे जुन्या कॅसेटचं कन्व्हर्जन. भाड्याच्या एका व्हीसीआरवर सुरुवात केली, कुणी शिकवलं नाही. टेप लावली की नुसत्या घरघरीवरून सांगतो, हेड मळलंय की पट्टा सैल झालाय. असे कान आहेत.
आज आमच्या समुद्राच्या सहलीची फाईल बघून संपवायची. अठ्ठावन्न मिनिटांची तर आहे.

संध्याकाळी ६
नाही बघितली. दुकानात गर्दी. दोन माणसं. त्यातला एक पत्ता विचारायला आलेला.

५ जानेवारी
जावई आला होता. म्हणाला, बाबा, हा कॉम्प्युटर भंगारात द्या आता, पंखा गिरणीसारखा वाजतो. म्हटलं, ह्यातला जुना प्लेअर देऊ ते गिळतो. तुमच्या नव्याला फाईल उलगडणारा कोडेक नसला की तोंड फिरवून बसतो. म्हणाला, ते दिवस गेले बाबा, आताचे सगळं चालवतात. म्हटलं, हो का. वाद जिंकला.
खरं कारण इथेच लिहितो. जुन्या प्लेअरमध्ये सहलीची फाईल उघडली की चौकट येते: ४१:१२ पासून पुढे चालू करायचं? ऑगस्टमध्ये बायकोने तिथे थांबवलं होतं. हॉस्पिटलला जायची गाडी खाली आली होती. उठताना म्हणाली, दोन दिवसांत येते, उरलेलं आल्यावर बघू. तोवर फॉरमॅट बदलू नका.
आली नाही. चौकट अजून विचारते.
तांत्रिक नोंद म्हणून लिहिलं.

९ जानेवारी
सहलीचा इतिहास. मूळ व्हीएचएस, मुलगी चार वर्षांची. मग व्हीसीडी आली: दोन डिस्क, दुसरी अडकायची. मग एव्हीआय: ओठ आधी हलायचे, आवाज नंतर. नवीन काही आलं की चाचणी ह्याच सहलीवर, आणि हिला पहिल्यापासून बघायला बसवायचो. शेरा ठरलेला: मागच्या वेळी समुद्र जास्त निळा होता. शेवटपर्यंत बिचारी कधी पोचली नाही, मध्येच मी उठून वायर हलवायचो. मीही शेवट बघितलेला नाही. पहिली पाच मिनिटं तपासली की पुढचं बरोबरच असतं.
उद्या ४१:१२ पासून पुढे. नक्की.

१० जानेवारी
चौकट आली. फुली दाबली. फुली दाबली की चौकट जाते, आकडा तसाच राहतो. हे अनुभवाशिवाय सुचत नाही.

११ ते १७ जानेवारी
फुली.

१८ जानेवारी
मुलगी राहायला आलीय. स्वयंपाकघरातून नवऱ्याला फोन. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. म्हणत होती, रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्या डब्यासमोर बसतात, चौकट बघतात आणि उठतात. डबा बंद पडला तर बाबांचं काय रे होईल. मी खोकलो. ती एकदम हवेबद्दल बोलायला लागली.
पण मुद्दा खरा. हार्डडिस्क टकटक करतेय, आठवडाभर ऐकतोय. निर्णय: फाईल सुरक्षित करायची. एमपीफोर. मुलीला म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्या बापाचा हातखंडा आहे ह्यात.

२१ जानेवारी, दुपारी १
कन्व्हर्जन अप्रतिम. रंगही थोडा वाढवला, समुद्र कसा निळाशार. पहिली पाच मिनिटं तपासली. मग दुकानाच्या नियमाप्रमाणे जुनी फाईल कायमची डिलीट. दोन प्रती ठेवल्या की गोंधळ होतो. नियम मीच केलाय, भिंतीवर लावलाय.

दुपारी १:२०
नवी फाईल परत उघडली. चौकट नाही. लाटांपासून सुरू.

दुपारी १:४५
लाटा.

दुपारी ३
नव्या फाईलला जुनं नाव दिलं. प्लेअर फसला नाही. फाईल बदललेली त्याला बरोबर कळते. ह्याच गुणाचं मी लोकांना कौतुक सांगायचो.

२२ जानेवारी
मुलीला म्हटलं, काही गेलेलं नाही, आकडा माझ्या डोक्यात आहे, हाताने सरकवून तिथे नेता येतं. ती म्हणाली, हॉस्पिटलात आई हसत सांगत होती, मी घरी जाईपर्यंत ह्यांनी फॉरमॅट बदललेला असणार, लाव पैज. विचारलं, तू काय म्हणालीस? म्हणाली, मी तुमच्या बाजूने लावली होती, बाबा.

२५ जानेवारी, सकाळी ९
इस्त्रीचा शर्ट. हाताने सरकवत ४१:१२.
हिची पाठ. वाळूत चप्पल शोधतेय. सापडली. वळून मला विचारते, अहो, कॅमेरा बंद केलात ना? माझा आवाज: केला म्हणजे काय, मला शिकवतेस?
मग कॅमेरा खांद्यावर. बंद केलेलाच नाही. पुढची सगळी मिनिटं वाळू आणि माझे पाय. मुलगी बहुतेक माझ्या कडेवर झोपलेली. बाजूला हिच्या चपला वाजतात, डावी किंचित घासत. ती घासते हे मला माहीत नव्हतं. बत्तीस वर्षं एका घरात राहून.
चालताना ही काहीबाही सांगत राहते. मी हूं हूं करतो. माझं लक्ष नाही, हे माझ्याच आवाजावरून कळतं.
शेवटाकडे म्हणते, ऐका ना, एक सांगू का, मला ना
टेप संपली.

सकाळी १०
प्लेअरने विचारलं, पहिल्यापासून लावू? हो म्हटलं.
समुद्र फारच निळा झालाय. मागच्या वेळी बरा होता.