बरणीतला शेवटचा मणी

आई,

बाजारातून आलात की पिशवी ठेवण्याआधी हे वाचा. तुमचा मोबाईल घरीच राहिलाय, म्हणून चिठ्ठी. मी चिऊच्या शाळेत निघालेय.

तुमच्या औषधाच्या डब्यातल्या तापाच्या दोन गोळ्या कमी आहेत. तुम्ही चिऊला दिल्या असतील तर मी एका शब्दानं बोलणार नाही, फक्त किती वाजता दिल्या ते लगेच फोन करून सांगा. कारण सकाळी सात वाजता मीही तिला तापाचं औषध पाजलंय. हो, मीच. काल रात्री "अंगात ताप असताना शाळा नाही" म्हणून तुम्हाला सुनावलं, आणि सकाळी तिच्या रडण्यापुढे हात टेकले.

वर्गात सगळे हजर असले की बाई बरणीत एक मणी टाकतात. बरणी भरली की सहल. गेल्या आठवड्यात चिऊ दोन दिवस घरी राहिली, तेव्हापासून डबा खायला तिच्याशेजारी कुणी बसत नाही. आज शेवटचा मणी होता. सात वर्षांच्या पोरीनं आजारी पडणं हा गुन्हा कधीपासून झाला, असं मी बाईंना विचारणार होते.

तुम्ही गोळ्या दिल्या नसतील, तर तिनंच घेतल्यात. मग माझ्या फोनची वाट न बघता समोरच्या डॉक्टरांना घेऊन थेट शाळेत या. शाळेत फोन कुणी उचलत नाहीये.

आत्ताच बाईंनी फोटो पाठवलाय, "बरणी भरली!" म्हणून. सगळी मुलं उभी राहून टाळ्या वाजवताहेत. चिऊचं डोकं बाकावर आहे.