तीन हाकांचा नियम

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, लष्कराच्या संदेशवहन तुकडीतला निवृत्त सैनिक, संगणक दुरुस्तीच्या दुकानाचा मालक आणि या प्रभागाचा एकेकाळचा नगरसेवक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. एकाच डॉक्टरवर विसंबायला नको म्हणून दुसऱ्याचाही जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मेहुणा सकाळपासून दोनदा "सहज" डोकावून गेला. त्याला चहा न पाजता वाटेला लावले.

१. याआधीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मुलीला काहीच ठेवले नव्हते. का नव्हते, ते कलम पाचमध्ये आहे. घाईने पाने उलटू नयेत, मेहुण्याने तर मुळीच नाही.

२. गणवेश आणि पदक कपाटाच्या खालच्या खणात आहेत. एकोणिसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन मी या देशात उतरलो. पाच वर्षे लष्करात काढली तर नागरिकत्व मिळेल, असे भरतीच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितले, म्हणून गेलो. देशावर जीव नंतर जडला, हळूहळू. तुकडीत माझ्या एकट्याची पत्रे फोडून वाचली जात. पाकिटाला दुसऱ्यांदा लावलेला डिंक बोटाला कळतो. तेव्हा मला संशयी म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की संशय आधी माझ्यावर घेतला गेला. पदक सैनिक संघाला देऊ नये. त्यांनी माझा सभासदत्वाचा अर्ज दोनदा परत पाठवला होता.

३. सोल्डरिंगची हत्यारे, मीटर आणि स्क्रू ड्रायव्हरचे तिन्ही संच दुकानातल्या कारागीर बाईंना द्यावेत. लष्करात मी रेडिओ उघडायला शिकलो, त्या जोरावर कारखान्यात लागलो, तिथे संगणक उघडले आणि मग प्रोग्रॅम लिहू लागलो. बाईंनी हे सगळे माझ्याकडून नऊ वर्षांत उचलले. रोज दुकान बंद करताना मी स्क्रू मोजत असे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी कधी तोंड वाकडे केले नाही.

४. दुसऱ्या निवडणुकीत मला सव्वीस मतांनी पाडणाऱ्या बेकरीवाल्याला, म्हणजे सध्याच्या नगरसेवकाला, माझी अॅल्युमिनियमची शिडी द्यावी. आमच्या गल्लीतला कोपऱ्यावरचा दिवा सहा वर्षे बंद आहे. स्वतः चढून बघ म्हणावे.

५. मागच्या खोलीतला जुना संगणक. त्या दुसऱ्या निवडणुकीची, आमच्या मतदारांची यादी याच्यावर होती. प्रोग्रॅम मी लिहिला होता. कार्यकर्त्यांनी घरोघरी फोन करायचे, मुलीने नोंदी भरायच्या, आणि मतदानाच्या दिवशी यादीतल्या घरांपुढे मतदारांना केंद्रावर न्यायला आमच्या गाड्या उभ्या राहायच्या. गाड्या सगळीकडे गेल्या, फक्त आमच्या गल्लीत गेल्या नाहीत. माझ्यासारखीच बाहेरून आलेली, मला पहिल्यांदा निवडून देणारी एक्केचाळीस घरे यादीतच नव्हती. "आम्ही कपडे करून दारात बसलो होतो," असे मला दुसऱ्या दिवशी तोंडावर ऐकवले गेले.

मुलीची आणि बेकरीवाल्याच्या पुतणीची मैत्री होती. मला तेवढे पुरले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मी तिला विचारले, "किती घरं विकलीस त्यांना?"

ती म्हणाली, "बाबा, तुमचा प्रोग्रॅम चालवला. दुसरं काही नाही केलं." दुकानाची किल्ली तिने काउंटरवर ठेवली आणि गेली. त्या आठवड्यात तिचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. याला अकरा वर्षे झाली.

गेल्या मंगळवारी, या कलमात वर्णन नीट यावे म्हणून, मी ते यंत्र सुरू करून प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. त्यात लिहिले होते: तीन फोनना उत्तर नाही, तर नोंद काढून टाका. आमच्या तुकडीत रेडिओवर ठाण्याला तीन हाका द्यायच्या, उत्तर नाही आले तर यादीतून काट मारून पुढे जायचे. हे आमच्या इतके हाडीमाशी खिळले होते की मी ते इथेही लिहून गेलो. फोन दहा ते पाच होत असत. आमच्या गल्लीतली माणसे कारखान्यातून सातला परततात. दिवसा उचलणार कोण?

आधी मला वाटले, ही ओळ कुणीतरी मागाहून घुसवली. म्हणून लॉकरमधली छापील प्रत काढली. लॉकरची किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे नव्हती. ओळ तिथेही होती, बाजूला तारीख आणि माझी आद्याक्षरे.

मुली, तू काही केले नव्हतेस. मी चुकलो, आणि चारचौघांत चुकलो, म्हणून वकिलांनी हे कलम दुकानात, गिऱ्हाईक असताना, मोठ्याने वाचावे.

६. राहते घर, दुकान, बचत आणि वर न लिहिलेले सर्व काही मुलीला. वकिलांच्या मसुद्यात एक ठरीव वाक्य होते: तीन नोटिसांना उत्तर न आल्यास वारसाचा हक्क संपुष्टात येईल व मालमत्ता मेहुण्याकडे जाईल. ते मी काढून टाकले आहे. तिला चौथ्यांदा कळवावे, दहाव्यांदा कळवावे. काट मारू नये.

७. साक्षीदार म्हणून शेजारची शिंपीण आणि निवृत्त टपालवाला यांना बोलावले आहे. भिंतीच्या भांडणावरून दोघांचे सात वर्षे बोलणे नाही, त्यामुळे संगनमताची भीती नाही. हे वाचून शिंपीण आत्ताच म्हणाली, "भाऊ, मेल्यावर वकील फोन करणार. तुमचा हात काय मोडलाय?" तिचे म्हणणे नोंदवून ठेवत आहे.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: अकरा मार्च, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे.
लिहून देणार: (सही)

साक्षीदार एक, शिंपीण: सही माझ्यासमोर केली. मग भाऊंनी फोन लावला. तीनदा नुसता वाजून बंद झाला. भाऊ घड्याळाकडे बघत बसले. (सही)

साक्षीदार दोन, टपालवाला: वरील मजकूर बरोबर आहे. त्यांनी चौथ्यांदा लावला. पलीकडून "बाबा?" एवढे ऐकू आले. पुढचे आम्ही ऐकले नाही, दोघेही बाहेर पायरीवर जाऊन बसलो. (सही)