नववं की दहावं

३ मार्च

एक वर्ष म्हणे! फक्त एक वर्ष! संध्याकाळी भांडी विसळत होते तेव्हा भिंगरीच्या बाबाचा फोन आला. कंपनी परदेशी पाठवते आहे, ऑगस्टमध्ये निघायचं, लेकीलाही बरोबर न्यावं म्हणतो. तिची आठवी संपतेच आहे, नववी तिकडे करेल, परत येऊन इथे दहावीला बसेल — नुकसान काहीच नाही, जग बघून होईल. सगळं इतकं घडी घालून सांगितलं की माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. वेगळे होऊन चार वर्षं झाली, या माणसाने रविवारी तिला किती वाजता आणून सोडणार हेसुद्धा कधी धड सांगितलेलं नाही.

विचार करून सांगते म्हटलं. संमतीपत्रावर दोघांचीही सही लागते, हे त्यानेच सांगितलं. बरं झालं सांगितलं ते.

४ मार्च

भिंगरीला आधीच माहीत होतं! बाबांनी फोन केला होता का, विचारलं, तर हो म्हणाली आणि जेवत राहिली. कधी, किती वाजता, काय काय बोललात — एकेक खोदून विचारावं लागलं. म्हणे, जाऊया का एवढंच बोलले. ती आंघोळीला गेल्यावर तिचा फोन बघितला. अठरा मिनिटं. एवढंच बोलायला अठरा मिनिटं लागतात?

१० मार्च

आज एक दावा फेटाळला. आग लागली, फ्रिज जळाला, कपाट जळालं, सोबत फोटो. गोष्ट अगदी पटण्यासारखी. पण फोटोत भिंतीवर कॅलेंडर होतं, गेल्या वर्षीचं. आणि विमा उतरवलेला या वर्षी! साहेब म्हणाले, बाई, तुमच्या नजरेपुढे हात टेकले.

एकोणीस वर्षं हेच करते आहे. मोठी गोष्ट लोक नीट रचतात आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायला विसरतात. याचंही कुठेतरी टांगलेलं असणारच.

१३ मार्च

ताई येऊन गेली. तिला सगळं सांगितलं. तिला त्यात वावगं काही दिसेना. बापच आहे ना, परका थोडाच आहे, म्हणाली. माझी सख्खी बहीण, पण तिला कोणीही गुंडाळावं. जाताना पायात चपला सरकवत म्हणाली, "तू घरातसुद्धा ऑफिस उघडून बसतेस." मी म्हटलं, ऑफिस उघडं आहे म्हणून घर चाललंय.

१८ मार्च

सापडलं!

त्याने शाळेचं पत्र पाठवलंय, सोबत सहीसाठी संमतीपत्र. प्रवेश नक्की, अभिनंदन, गणवेशाचा रंग अमुक. आणि तिसऱ्या परिच्छेदात — वर्ग: दहावं वर्ष. नववं नाही. दहावं!

लगेच फोन लावला. आधी जरा गडबडला. मग म्हणाला, तिकडे वयावर वर्ग ठरतो, हिचं वय बरोबर काठावर येतं, त्यामुळे दोन्ही चालतं. तिकडचं दहावं म्हणजे आपली नववीच समज, त्यांचे आकडे पुढे असतात. मी विचारलं, मग पहिल्या दिवशी नववं का म्हणालास? तर नेटवर्क गेलं. हे नेटवर्क नेमकं कसं जातं ते मला ठाऊक आहे.

१९ मार्च

तिच्या वर्गशिक्षिकेला भेटले. दहावं झेपेल का विचारलं. म्हणाल्या, सहज झेपेल, मुलगी हुशार आहे, फक्त अलीकडे गप्प असते. ऐकून छाती फुगली. घरी येईपर्यंत उतरली. कौतुक करून सही काढायचा डाव असेल तर? लोक याहून कमी गोडीत फसलेले मी पाहिलेत.

आणि गप्प कुठे असते? घरी मी विचारते त्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर देते.

२३ मार्च

शाळेची माहितीपुस्तिका नेटवरून उतरवून घेतली. बेचाळीस पानं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता वाचत बसले. एकतिसाव्या पानावर मिळालं. नववं वर्ष स्वतंत्र आहे, ते करून कुठेही जाता येतं. दहावं आणि अकरावं मात्र मिळून एकच अभ्यासक्रम! परीक्षा अकराव्याच्या शेवटी. मधेच सोडलं तर हातात काही नाही, कागदाचा चिटोरासुद्धा नाही.

म्हणजे दोन वर्षं. हे त्याला माहीत नव्हतं? वीस वर्षं कंत्राटं वाचणाऱ्या माणसाला? दोन वर्षांनी ती सोळा पूर्ण होऊन सतराव्यात जाईल. मग म्हणतील, आता दोनच वर्षं राहिली, तीही इथेच होऊ दे. मग कॉलेज. मग नोकरी. मग मला वर्षातून एकदा फोटो.

शेजारच्या टेबलावरची विचारत होती, ताई, रडताय का? सर्दी झालीय म्हटलं.

२४ मार्च

त्याच्या ऑफिसखाली गाठला. झेरॉक्सच्या दुकानासमोर उभं राहून बोललो. एकतिसावं पान छापूनच नेलं होतं, खाली लाल रेघ मारून. त्याने वाचलं. सावकाश वाचलं. मला वाटलं होतं भांडेल.

"मी नववंच लिहिलं होतं," म्हणाला.

"मग दहावं कोणी केलं? शाळेच्या शिपायाने?"

कागदाची घडी घालत राहिला. मी म्हटलं, एवढं तरी सांग, मुद्दाम केलंस की नाही. दुकानाच्या काउंटरकडे बघत म्हणाला, "माझंच समज. सगळं माझंच समज."

समज कशाला? आहेच! माणूस कबूल करतो आणि वर मोठेपणाही घेतो. सही करणार नाही म्हणून तोंडावर सांगून आले.

२५ मार्च

भिंगरीला सांगितलं, बाबांनी फसवलंय, तू जाणार नाहीस. मला वाटलं गळ्यात पडेल. ताट उचलून मोरीत ठेवलं. "बरं," म्हणाली.

२८ मार्च

क्लासहून पंचवीस मिनिटं उशिरा. क्लासमध्ये फोन केला, वेळेवर सुटला होता. मैत्रिणीच्या आईला फोन केला, हिच्याबरोबरच निघाली म्हणाल्या. विचारलं तर चालत आले म्हणते. कुठल्या रस्त्याने, तेही विचारलं. दुकानांची नावं क्रमाने म्हणून दाखवली, पाढा म्हटल्यासारखी. चुकली नाही एकही. तयारी करून आली होती?

बाप शिकवत असणार. फोनवर दोन दिवसांत त्याचा एकही कॉल नाही. हेच तर जास्त खटकतं.

२ एप्रिल

न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. बाहेरून विचारलं, काय झालं? डोळ्यात साबण गेला म्हणाली. आत गेले तर साबण कोरडा.

मी तिला मागे लागून काही विचारलं नाही. म्हणजे दोनदाच विचारलं.

नंतर बसून शाळेला पत्र लिहिलं. मी विद्यार्थिनीची आई आहे, माझ्या संमतीशिवाय प्रवेश होत नाही, तेव्हा वर्ग बदलण्याची विनंती कोणी आणि कधी केली याचा मूळ कागद मला पाठवावा. ऑफिसात लिहिते तशा खणखणीत भाषेत. दोनदा तपासून पाठवलं. कागद हातात आला की बघते याच्याकडे.

५ एप्रिल

उत्तर नाही. अर्थात.

९ एप्रिल

कपाट आवरायला काढलं. तिचे मागच्या वर्षीचे ड्रेस सगळे आखूड झालेत. एक अंगाला लावून बघ म्हटलं तर लावला, हसली, बाही मनगटाच्या कितीतरी वर. कित्येक दिवसांनी हसली. मीही हसले. मग खिसे तपासायला लागले, सवयीने, धुवायच्या कपड्यांचे तपासतो तसे. तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि उठून गेली. खिशात काय, एक रबरबँड!

ती गेली तर मी काय करू? खरंच, काय करू? ऑफिसातून येते ती तिच्या चपला दारात आहेत का बघायला. घरात दुसरं कोण आहे ज्याची मी वाट बघावी. हे त्याला कळत नाही. दोन वर्षं तो सहज बोलतो. माझी मुलगी आहे ती, मी अशी हातातून जाऊ देणार नाही. मरेन पण सही करणार नाही.

१२ एप्रिल

त्याचा मेसेज. 'शाळेला लिहिलंस असं कळलं. तो कागद मागवू नकोस. तुला नववं हवं असेल तर मी परत बोलून बघतो, पण तो कागद नको.'

आता तर मागवणारच! कुठे पाणी मुरतंय ते आता कळेल. दुपारी शाळेला स्मरणपत्र धाडलं.

१५ एप्रिल

कागद आला. प्रवेशाचा मूळ फॉर्म. वर्गाच्या पुढे त्याच्या अक्षरात नववं वर्ष. त्यावर रेघ. त्याच्यापुढे दहावं, भिंगरीच्या गोल अक्षरात. खाली रकाना — विद्यार्थ्याला काही सांगायचे आहे का. तिने त्यांच्या भाषेत दोन ओळी लिहिल्यात: 'मला दोन वर्षांचा वर्ग हवा, एक वर्ष कमी पडेल. घरी मला प्रत्येक गोष्ट सिद्ध करून दाखवावी लागते.'

तीनदा वाचलं. मग फॉर्म फाइलमध्ये खाली घातला आणि संमतीपत्र काढून तिला हाक मारली. ती आली, टेबलाच्या कडेला उभी राहिली. फाइलकडे बघत होती.

"शाळेने काय पाठवलंय? वाचलंस का तू?"

नाही म्हटलं. सही कुठे करायची तेवढं दाखव.

तिने बोट ठेवलं, तिथे केली.