मैत्रीभावनेतलं दुसरं नाव

४ नोव्हें., मंगळवार
नौपाड्यातला ध्यानाचा वर्ग. कांबळेबाईंनी आज मैत्रीभावना शिकवली. आधी स्वतःचं नाव, मग आवडत्या माणसाचं, मग नुसत्या ओळखीतल्या कुणाचं, शेवटी ज्याचा राग येतो त्याचं. प्रत्येकासाठी 'सुखी होवो, निर्भय होवो' म्हणायचं, मोठ्याने. स्वतःचं म्हणताना मध्येच थांबले. माझा मुलगा गेला, निखिल, आता मी कशाला सुखी होऊ? दुसरं नाव सोपं. अनू, आमची सून. तिसरं खालच्या वॉचमनचं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या साठेबाई. त्यांना निर्भय कशाला करायचं? आधीच कुणाला भीत नाहीत.

१० नोव्हें., सोम.
रोज सकाळी बसते. अनू आत डबा भरता भरता सगळं ऐकते. आज म्हणाली, "साठेकाकूंचं नाव जरा हळू घ्या हो आई, खिडकी उघडी आहे." किती दिवसांनी हसलो दोघी. मग निखिलच्या फोटोकडे लक्ष गेलं.

१६ नोव्हें., रवि.
जेवताना अनूनं सांगितलं. वागळे इस्टेटला तिच्या ऑफिसात मंदार म्हणून आहे, लग्नाचं विचारतोय. "तुम्ही हो म्हणालात तरच, आई. नाहीतर विषय संपला, खरंच." मी तिला वरण वाढत राहिले. ताटात भात नव्हताच.
पोरीचं वय काय, सगळं कळतं मला. पण ती गेली की या डोंबिवलीच्या घरात निखिलचं नाव कुणाशी काढू?

१७ नोव्हें., सोम.
स्वतःचं नाव झालं आणि अनूचं राहून तोंडातून एकदम वॉचमनचं निघालं. रोज मीच घोकत होते, अनू सुखी होवो. आता ती व्हायला निघाली तर माझ्याच पोटात दुखतंय. शी.

१९ नोव्हें., बुध.
अनू स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं तसंच.
"आई, माझं नाव येत नाही आता."
मी डोळे मिटलेलेच ठेवले. डबा न घेता गेली. भेंडीची भाजी दुपारी मीच खाल्ली.

२५ नोव्हें., मंगळ.
वर्ग सुटल्यावर कां.बाईंना गाठलं. म्हटलं, माझं आता एकच माणूस उरलंय. ते सुखी झालं की जाणार. मग कसं म्हणायचं? वाटलं, अनित्य वगैरे काही सांगतील. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "रडू येईल. रडत म्हणा."

२६ नोव्हें., बुध.
बसले. स्वतःचं नाव घेतलं. आतला नळ बंद झाला. भांडी वाजेनात. ती ऐकत होती.
"अनू," म्हटलं. पुढचं येईना. नुसतं रडू.
तिनं डबा पिशवीत घातला. चपला घालताना म्हणाली, "नाव तरी आलं, आई. येते."
दार ओढून घेतलं. मी अजून आसनावरच आहे.