थोरले इसोबे आमच्या घरात

१९ जानेवारी १९९१, दम्माम, सौदी अरेबिया
बाथटब भरला. बादल्या, पिंप, कुकर — इडलीपात्रसुद्धा! उद्या नाश्त्याला काय करू विचारलं, तर देवदत्त म्हणतो, "वेढ्यात आधी पाणी, मग बारूद." हे थोरल्या इसोब्यांचं वचन.

याच्या पाण्याच्या प्लांटवरचे जपानी इंजिनिअर इसोबेसान गेल्या महिन्यात मायदेशी गेले. जाताना आपले खापरपणजोबा, म्हणजे हे थोरले इसोबे, आमच्या गळ्यात बांधून गेले. सव्वाशे वर्षांपूर्वीचे सामुराई, कुठल्याशा किल्ल्याचे युद्धसल्लागार. त्यांची कथा देवदत्त सांगतो, रोज जेवताना, थोडी थोडी. समुद्राचं खारं पाणी गोडं करणारा माणूस, याला तलवारी कशाला हव्यात!

२१ जानेवारी
संध्याकाळी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. बेडरूमला यानेच टेप लावलेली, दाराखाली ओले टॉवेल. तिघं मास्क घालून बसलो. स्वानंदी आधी हसली, मग रडायला लागली. नऊ वर्षांची पोर, तिला काय काय समजवायचं?

नंतर शेजारचे नसरुद्दीनभाई डोकावले. त्यांनी पडदा सारला. खिडकीतल्या एसीच्या कडेला पंज्याएवढी फट! "वहिनी, गॅस काय दाराची बेल वाजवून येणार होता?" देवदत्त म्हणाला, उद्या बुजवतो.

२२ जानेवारी
बुजवली नाही.

२४ जानेवारी
आजचा भाग. तोफा घ्या म्हटल्याबद्दल मालकाने थोरल्या इसोब्यांना आठ वर्षं घरात कोंडलं. ते चटईवर सोयाबीनचे दाणे मांडून लढाया खेळायचे. लगेच माझे डबे खाली आले. राजमा म्हणजे शत्रू, हरभरे आपले. टेबल अडवलं होतं. मी दोन्ही सैन्यं एका पातेल्यात भिजत घातली.

२७ जानेवारी
इराक्यांनी समुद्रात तेल सोडलंय. तवंग किनाऱ्याने खाली सरकतोय. प्लांटमध्ये शिरलं तर शहराला प्यायला थेंब नाही. देवदत्त दोन दिवसांनी घरी आला, दाढी वाढलेली. निम्मे लोक पळालेत म्हणाला.

मग नेहमीसारखी योजना. खालच्या मजल्यावरच्या श्यामलावहिनींचं कुटुंब परवा बसने जेद्दाला निघतंय, तिथून मुंबई. आम्ही दोघींनी त्यांच्याबरोबर जायचं.

"आणि तू?"

"कंपनीचा कफील अडकवून ठेवलेला पासपोर्ट देतोय चार दिवसांत. मी मागून येतोच."

सुटले एकदाची! ना मास्क, ना इसोबे. बॅग मात्र त्यानेच भरली, कुठला कपडा कशाखाली ते ठरवून. मी दोनदा उपसली.

२८ जानेवारी
शत्रू किल्ल्याशी आला की देवदत्त कथा थांबवतो. पुढचं विचारलं तर म्हणे, सांगलीला घरी आल्यावर सांगेन. म्हणून वेणी घालताना स्वानंदीला विचारलं, पप्पांनी तुला शेवट सांगितला का गं?

"हो. वाइफला आणि डॉटरला मागच्या दाराने बाहेर पाठवलं. म्हणाला, मी मागून येतो."

"मग?"

"बट ही स्टेड, मम्मी. किल्ल्यातल्या विहिरी कोण बघणार?"

वेणी तशीच राहिली हातात. राग आला. खूप आला. अकरा वर्षांचा संसार, आणि 'मी येणार नाही' एवढं सांगायला याला जपानहून माणूस आणावा लागला! तेही मला नाही, पोरीला.

थोरल्या इसोब्यांच्या बायकोने मुकाट ऐकलं असेल. असेना का.

२९ जानेवारी
बस सुटली. स्वानंदी खिडकीशी, श्यामलावहिनींजवळ. मुंबईला माझा भाऊ उतरवून घेईल. बस वळेपर्यंत ती हात हलवत होती. मी खालून.

देवदत्त प्लांटवर आहे, त्याला अजून ठाऊक नाही. घरी येऊन एसीची फट बुजवली. इडलीपात्रातलं पाणी तसंच ठेवलंय.